डोंबिवलीच्या नावाची संख्या

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप विश्वस्त मंडळाकडून आला तेव्हा प्रथम मी नकारच कळविला होता. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी आणि शिक्षणाने वाणिज्य शाखेचा पदवीधर. शास्त्रग्रंथांवर लिहिण्याचा अधिकार मला नाही. परंतु या संस्थेचे एक जुने देणे माझ्या नावावर बाकी आहे आणि ते फेडण्यास याहून योग्य प्रसंग येणार नाही, असे वाटल्यावरून हा लेख लिहावयास घेतला.

ते देणे असे. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी पर्युषण पर्वातील एका व्याख्यानानंतर आभार मानण्याचे काम माझ्याकडे आले होते. श्रोतृवर्ग प्रसन्न होता, मलाही स्फुरण चढले आणि बोलता बोलता मी सांगून टाकले, की डोंबिवलीच्या नावाने ज्या संख्या जगभर ओळखल्या जातात, त्या मुळात आपल्या महावीराचार्यांनी शोधल्या आणि कापरेकर गुरुजींनी त्या तेथूनच उचलल्या. टाळ्या पडल्या. कार्यक्रम आटोपल्यावर एक निवृत्त गणित शिक्षक जवळ आले. ते आमच्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक. हळू आवाजात म्हणाले, "शेठ, जमेची रक्कम मोठी धरलीत. पावती कोठे आहे?" माझ्याजवळ पावती नव्हती. कोणाकडून तरी अर्धवट ऐकलेले मी खतावणीत चढविले होते. त्यानंतर सवडीप्रमाणे ग्रंथ मिळवून वाचले, वहीवर गणिते केली, आणि आज जे हाती आहे ते वाचकांसमोर ठेवीत आहे.

कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून ते तिकडे गेले. मातृछत्र त्यांच्या बालपणीच हरपले. वडील कारकुनी करीत आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. आकडेमोडीची गोडी मुलाला तेथूनच लागली असावी. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले, महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक त्यांना मिळाले, आणि १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. पुढे सारी हयात त्यांनी नाशिकजवळ देवळाली येथे शाळाशिक्षक म्हणून काढली आणि १९६२ साली ते निवृत्त झाले. पदव्युत्तर पदवी नाही, विद्यापीठात जागा नाही. निवृत्तीवेतन तुटपुंजे असल्याने शिकवण्या करणे भाग पडले. आपले शोध ते स्वखर्चाने लहान लहान पुस्तिकांतून छापीत. आपल्याकडील कित्येक विद्वानांना हा सारा पोरखेळ वाटे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा कोठे देवळालीच्या या मास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ साली ते निवर्तले.

आता डोंबिवलीचा संबंध. आपल्या प्रांतात आगगाडी प्रथम बोरीबंदर ते ठाणे अशी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणपर्यंत आली. ठाणे-कल्याण या पट्ट्यावर मुंबईपासून तीस मैलांवर, त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, 'डेमलो' नावाचे एक स्थानक होते. तेच आजचे डोंबिवली. या स्थानकावर असताना कापरेकरांच्या मनात एका विशिष्ट घडणीच्या संख्यांचा विचार आला आणि त्यांनी त्या संख्यांना स्थानकाचेच नाव देऊन टाकले : डेमलो संख्या. गणितज्ञ आपल्या शोधास स्वतःचे किंवा गुरूचे नाव देतात, क्वचित राजाचे. स्थानकाचे नाव दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. आज ज्या फलाटावर सकाळी पाय ठेवावयास जागा मिळत नाही, तेथे एके काळी एक माणूस उभ्या उभ्या आकडेमोड करू शकत होता, याचेही मला नवल वाटते.

डेमलो संख्या म्हणजे काय, हे समजण्यास बी.कॉम.ची देखील आवश्यकता नाही. संख्येचे तीन भाग पाडावयाचे : डावा, मधला आणि उजवा. मधल्या भागात एकच अंक, एकदा किंवा अनेकदा, असावा. आणि डावा व उजवा भाग यांची बेरीज केली असता तोच अंक पुन्हा मिळावा. १६५ घ्या. एक आणि पाच मिळून सहा, मध्ये सहा. २५५३ घ्या. दोन आणि तीन मिळून पाच. मध्ये पाच दोनदा. ४७७७३ मध्ये चार आणि तीन मिळून सात आणि मधोमध तीन साते. भाग एकाहून अधिक अंकांचेही चालतात. १४९९९८५ या संख्येत १४ आणि ८५ यांची बेरीज ९९, आणि मध्ये नवांची रांग. 'मॅथेमॅटिक्स स्टुडंट' या नियतकालिकात १९३८ साली कापरेकरांनी या संख्यांवर लेख लिहिला, के. आर. गुंजीकर यांच्यासमवेत लिहिलेला डेमलो संख्यांच्या उपपत्तीवरचा लेख मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात १९३९ साली आला. आणि १९४८ साली देवळालीहून त्यांनी या विषयावरचे स्वतंत्र पुस्तकही काढले.

या कुळातील सर्वांत देखण्या संख्यांना त्यांनी 'वंडरफुल', म्हणजे अद्भुत, डेमलो संख्या म्हटले. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी ती मालिका आहे. डावीकडून वाचा वा उजवीकडून, संख्या तीच. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ यांची बेरीज ४४४, आणि मधला अंक ४. म्हणजे डेमलोची अट पुरी. शिवाय प्रत्येक संख्या पूर्ण वर्ग : ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१.

असे का होते, हे कापडवाल्यास समजावयास फार सोपे आहे. १११११११ सारख्या संख्येस तिनेच गुणले, की एकांच्या तितक्याच ओळी एकाखाली एक, प्रत्येक एक घर डावीकडे सरकलेली, अशा येतात. थान उलगडताना घड्या पायरीपायरीने सरकून पडतात तशा. कडेच्या रकान्यात एकच पदर, पुढच्यात दोन, मध्यभागी सर्वांत जास्त, मग पुन्हा उतरत एक. रकान्यांची बेरीज नवाच्या आत राहील तोवर हातचा येत नाही आणि नक्षी मोडत नाही.

आता माझ्या देण्याच्या मूळ रकमेकडे येतो. या मालिकेतील सहावी संख्या आहे १२३४५६५४३२१. बाराशे चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. ती १११११११ ची नव्हे (वर सात एक झाले), तर सहा एकांच्या १११११ १ या संख्येचा, म्हणजे ११११११ चा, वर्ग आहे. ही संख्या कापरेकरांच्या जन्माआधी हजार-साडेदहाशे वर्षे एका दिगंबर जैन आचार्यांच्या ग्रंथात लिहिलेली आढळते, हे अगदी खरे आहे.

तो ग्रंथ 'गणितसारसंग्रह', काळ इसवी सन ८५० च्या सुमारास, कर्ते महावीराचार्य. मंगलाचरणात भगवान महावीरांना वंदन करताना त्यांनी संख्याज्ञानाच्या दीपाने विश्व उजळल्याचे म्हटले आहे. पुढे गणिताचा उपयोग कोठे कोठे होतो हे सांगताना ते ग्रहगती आणि लोकरचना यांबरोबर स्वयंपाक, संगीत, नाटक आणि वैद्यक यांचीही नावे घेतात. व्याज, मिश्रण, भागीदारी यांची उदाहरणे तर इतकी आहेत, की ग्रंथ वाचताना मला आपल्याच पेढीवर बसल्यासारखे वाटले. एम. रंगाचार्य यांनी इंग्रजी भाषांतरासह हा ग्रंथ १९१२ साली मद्रासहून प्रसिद्ध केला. आणि आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेत प्रा. लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह तो १९६३ साली निघाला.

गुणाकाराच्या प्रकरणात आचार्यांनी काही मुद्दाम निवडलेली उदाहरणे दिली आहेत. १३९ गुणिले १०९ म्हणजे १५१५१. १५२२०७ गुणिले ७३ म्हणजे ११११११११. १४२८५७१४३ गुणिले ७ म्हणजे १००००००००१. ३३३३३३६६६६६७ गुणिले ३३ म्हणजे ११००००११००००११. आणि २७९९४६८१ गुणिले ४४१ म्हणजे आपली १२३४५६५४३२१. अशा गुणाकारांना ते कंठाभरण म्हणतात, म्हणजे गळ्यातील हार. मणी दोन्ही बाजूंनी सारखेच ओवलेले. एक ते सहा क्रमाने चढणारी आणि मग उतरणारी, असे या संख्येचे वर्णनही त्यांनी केले आहे.

हे वाचल्यावर मी गणकयंत्र बाजूस ठेवून कागदावर गुणाकार केला. आमच्या घराण्यात गुणाकाराची तपासणी नवाच्या ताळ्याने करण्याची पद्धत. २७९९४६८१ चे अंक मिळवून ४६, मग १०, मग १. ४४१ चे अंक मिळून ९, म्हणजे शून्य. उत्तराचे अंक मिळून ३६, पुन्हा ९, पुन्हा शून्य. ताळा जमला. पण ताळ्यावर किती विसंबावे, याचाही एक धडा मला पेढीवर मिळालेला आहे आणि तो येथे अप्रस्तुत नाही.

पदवी घेऊन मी दुकानात बसू लागलो त्या पहिल्याच दिवाळीची गोष्ट. कच्चा ताळेबंद जुळत नव्हता. अठराशे रुपयांचा फरक येत होता. दोन रात्री मी पुस्तके उलथीपालथी केली. तिसऱ्या दिवशी आमचे वृद्ध मुनीमजी म्हणाले, "छोटे शेठ, फरकास नवाने भाग जातो का पाहा." गेला, भागाकार दोनशे. "मग रक्कम चुकलेली नाही, आकडे उलटे पडले आहेत," असे म्हणून ते खतावणी चाळू लागले आणि अर्ध्या तासात त्यांनी नोंद काढून दाखविली : ४,६२० ऐवजी ६,४२०. ती नोंद माझ्याच हातची होती. नवाच्या ताळ्याने ही चूक कधीच सापडली नसती, कारण अंक तेच, बेरीजही तीच. अंकांची अदलाबदल केली की मूळ संख्या आणि नवी संख्या यांतील फरकास नवाने भाग जातोच, हे मुनीमजींना कोणत्याही महाविद्यालयाने शिकविलेले नव्हते.

कापरेकरांचा सर्वांत प्रसिद्ध शोध याच अदलाबदलीवर उभा आहे, हे मला फार उशिरा उमगले. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. ४३२१ वजा १२३४ म्हणजे ३०८७. पुन्हा ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता येथून पुढे गाडी जात नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे परत ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या याच ठिकाणी येते. मुनीमजींच्या नियमाप्रमाणे ६१७४ ला नवाने भाग जातोच, भागाकार ६८६. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत कापरेकरांनी हे मांडले आणि 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' मध्ये १९५५ साली त्यावर त्यांचा लेख आला.

महावीराचार्यांच्या हाराकडे परत येऊ. ४४१ आणि २७९९४६८१ हेच दोन अवयव त्यांनी का निवडले असावेत, असा प्रश्न मला पडला. म्हणून १११११ १ ही संख्या, मध्ये जागा न सोडता १११११ पुढे आणखी एक असा सहा एकांचा जो आकडा, तो फोडून पाहिला : ३, ७, ११, १३ आणि ३७ यांचा गुणाकार. तीन साते एकवीस आणि एकवीसचा वर्ग ४४१. उरलेल्या ११, १३ आणि ३७ यांचा गुणाकार ५२९१, आणि त्याचा वर्ग बरोबर २७९९४६८१. म्हणजे आचार्यांनी हाराचे दोन तुकडे केले ते दोन्ही पूर्ण वर्ग ठेवून केले. ओबडधोबड दिसणाऱ्या त्या आठ अंकी संख्येच्या पोटात असा हिशेब आहे, हे दिसल्यावर मी बराच वेळ वही मिटली नाही.

मग या संख्येचे बाकीचे गुणधर्मही काढले. तिचे एकूण विभाजक २४३. ती पूर्ण वर्ग असल्यामुळे विभाजकांच्या जोड्या लागून एक एकटा राहतो. जोड्या १२१, आणि १२१ ही मालिकेतील दुसरी संख्या, हा योगायोग. प्राचीन ग्रीकांनी संख्यांचे तीन वर्ग केले होते : जिच्या विभाजकांची (ती स्वतः सोडून) बेरीज तिच्याहून कमी भरते ती अपुरी, तितकीच भरते ती पूर्ण, आणि अधिक भरते ती अधिक. विषम संख्या 'अधिक' असणे विरळा. त्यांतील सर्वांत लहान ९४५ आहे. आपल्या संख्येचे स्वतःव्यतिरिक्तचे सर्व विभाजक मिळविले असता बेरीज १३,०२,९८,७०,६७२ येते. म्हणजे संख्येहून ६८,४२,१६,३५१ ने जास्त. विषम असून अधिक, असा हा मणिहार आहे.

कापरेकरांनी आणखी एक वर्ग सांगितला आहे, हर्षद संख्यांचा. हर्ष देणारी ती हर्षद. जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच निःशेष भाग जातो ती हर्षद. रामानुजनांमुळे प्रसिद्ध झालेली १७२९ घ्या : अंकांची बेरीज १९, आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. (परदेशांत या संख्यांना पुष्कळदा निव्हेन यांचे नाव देतात. आपल्या माणसाने दिलेले इतके गोड संस्कृत नाव असता ते का टाकावे, हे कळत नाही.) हारांतील अंकांची बेरीज क्रमाने १, ४, ९, १६, २५, ३६ अशी वर्गसंख्यांची येते. सहाव्या हाराची बेरीज ३६, सम, हार विषम, म्हणून तो हर्षद नाही. पहिल्या नऊ हारांत पहिला, तिसरा आणि नववा एवढेच हर्षद निघतात. नववा म्हणजे १२३४५६७८९८७६५४३२१. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने भागले असता १२३४५६७९ चा वर्ग उरतो. आठ गाळलेली ही विचित्र संख्याही महावीराचार्यांच्या उदाहरणांत आहे : १२३४५६७९ गुणिले ९ म्हणजे नऊ एक. एका शिक्षकाची व्याख्या आणि एका आचार्यांचे उदाहरण येथे एकमेकांस भेटतात, हे मात्र मी स्वतः कागदावर पडताळून पाहिले आहे.

मोठ्या संख्यांचे वर्गीकरण हा विषय निघाला असता आगमांकडे पाहणे क्रमप्राप्त आहे, कारण हा आपल्या परंपरेचा खास प्रांत. अनुयोगद्वार सूत्रात संख्यांचे संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद करून त्यांचे पुन्हा जघन्य, मध्यम, उत्कृष्ट असे पोटभेद सांगितले आहेत. गणना दोनपासून सुरू होते. एक ही मोजणी नव्हे. उत्कृष्ट संख्यात किती मोठे, हे सांगण्यासाठी जंबूद्वीपाएवढे, लाख योजने व्यासाचे खड्डे मोहरीने भरण्याची कल्पना योजली आहे. 'शीर्षप्रहेलिका' ही कालगणनेतील संख्या चौऱ्यांशी लाखाला चौऱ्यांशी लाखाने असे करीत अठ्ठावीस वेळा घेतलेला गुणाकार होय. ती १९४ अंकी आहे. पडताळा सोपा : ८४ चा अठ्ठावीसावा घात ५४ अंकी येतो आणि त्यापुढे १४० शून्ये.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते त्याच सूत्रातील मनुष्यसंख्येचे वर्णन. ती संख्या एकोणतीस स्थानांची आहे, दोनच्या पाचव्या आणि सहाव्या वर्गाच्या गुणाकाराइतकी आहे, आणि तिला शहाण्णव वेळा निम्मे करता येते, अशी तीन प्रकारांनी ती सांगितली आहे. आपण ताळा पाहू. दोनचा वर्ग चार, त्याचा सोळा, मग २५६, ६५५३६, आणि पाचवा ४२९४९६७२९६. सहावा १८४४६७४४०७३७०९५५१६१६. यांचा गुणाकार ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. अंक मोजा : एकोणतीस. आणि ही संख्या दोनचा ९६ वा घात असल्याने ९६ वेळा निम्मी होऊन एकावर येते. तिन्ही नोंदी एकमेकींशी पैशापैशाने जुळतात. संख्या निम्मी होण्याच्या या वेळांना वीरसेनाचार्यांनी धवला टीकेत अर्धच्छेद म्हटले असून त्यावरचे नियमही दिले आहेत. आजचे गणिती त्यालाच दोन पायाचा लॉगरिदम म्हणतात. ती धवला प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून आपल्या अमरावतीहून छापली जाऊ लागली. मनुष्यसंख्या खरोखर तेवढी आहे किंवा कसे, हा श्रद्धेचा प्रांत. गुणाकार बरोबर आहे, हा हिशेबाचा.

ठाण्याच्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगून टाकतो. महावीराचार्यांनी आपल्या ग्रंथात ज्या राजाची स्तुती केली आहे तो राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग. त्याची राजधानी मान्यखेट, आजचे कर्नाटकातील मळखेड. तेव्हा मळखेडच्या ग्रंथाचा आणि आपल्या खाडीकाठाचा काय संबंध, असे मलाही वाटले होते. परंतु उत्तर कोकण त्या काळी अमोघवर्षाच्या मांडलिक शिलाहारांकडे होते. त्यांच्याच वंशाने पुढे श्रीस्थानक, म्हणजे ठाणे, येथून राज्य केले. कान्हेरीच्या लेण्यांत इसवी सन ८४३ पासून ८७७ पर्यंतचे शिलाहारांचे जे लेख आहेत, त्यांत सार्वभौम म्हणून अमोघवर्षाचेच नाव येते. त्याच कान्हेरीत त्याहून कित्येक शतके आधीचे, कल्याणच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेखही आहेत. 'गणितसारसंग्रह' लिहिला गेला त्या वेळी ठाणे-कल्याणचा व्यापारी त्याच राजाच्या छत्राखाली व्याज आणि भागीदारी मोजीत होता, एवढे पावतीनिशी म्हणता येते.

आणि आता दुरुस्तीची नोंद. महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ हा हार लिहिला, ही जमा पक्की. कापरेकरांच्या सातव्या वर्षी तो ग्रंथ इंग्रजी भाषांतरासह छापून उपलब्ध होता, हीही खरी. परंतु त्यांनी तो पाहिला आणि तेथून कल्पना उचलली, असे दर्शविणारा एकही पुरावा माझ्या पाहण्यात नाही. शिवाय दोघांचे कार्य एक नव्हे. आचार्यांनी गुणाकाराचे सुंदर उत्तर म्हणून हार दाखविला. तीन भागांची व्याख्या, १६५ पासून १४९९९८५ पर्यंत एका धाग्यात येणारे कुळ आणि त्याचे नियम, हे कापरेकरांचे. ज्या माणसास हयातीत पुरेसा मान मिळाला नाही, त्याच्या पदरातील ही एक जमाही मी टाळ्यांसाठी काढून घेतली होती. ते विधान मी या स्मरणिकेत लेखी मागे घेतो. मिच्छामि दुक्कडम्.

ज्या गुरुजींनी पावती मागितली, त्यांना काही महिन्यांनी दुकानात हे सारे सांगितले तेव्हा त्यांनी बिलाच्या पाठीवर एक प्रश्न लिहून दिला : "नऊ हार झाले. दहावा करून पाहा." मी दहा एकांचा वर्ग केला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी मोडली होती. मध्ये दोन शून्ये आणि आठ नाहीसा. मला वाटले, डेमलोचे घर येथे संपले. चार दिवसांनी लक्षात आले, की मधल्या रकान्यात दहा आले आणि त्यांचा हातचा डावीकडे गेला, एवढेच झाले आहे. हातचा परत जागेवर ठेवला, की डावा भाग १२३४५६७८९, मध्ये १०, उजवा भाग ९८७६५४३२१. डाव्या-उजव्याची बेरीज १११११११११०. आणि दहा हा एकच 'अंक' मानून तो नऊ घरांत नऊ वेळा मांडला व हातचे घेत गेले, तर येणारी संख्याही १११११११११०. बिलाच्या त्याच कागदावर हे उत्तर लिहून मी गुरुजींकडे दिले. त्यांनी खिशातून लाल पेन काढून त्यावर बरोबरची खूण केली आणि धोतरजोडीचे पैसे चुकते करून ते गेले.